उभ्या गाडीची थरथर

फोरमननं बॉनेटवर अशी थाप मारली की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

प्लग नवे घातले होते. कार्बोरेटर सोडवून, धुऊन, फुंकून परत बसवला होता. तरी गाडी उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी थरथरायची, आणि जरा वेग दिला की शहाण्यासारखी पळायची. सगळी हयात वर्कशॉपमध्ये गेलेल्या माणसाला त्याच्याच दारात त्याचीच गाडी वाकुल्या दाखवत होती. सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू होता. गाडीला, रबराला, हल्लीच्या पेट्रोलला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या.

शेवटी त्यानं तोंड मिटलं आणि कान लावला. इंजिनाच्या खडखडाटाखाली एक बारीक फुसफुस होती. त्यानं बोटांनी चाचपत चाचपत कार्बोरेटरमागची बारकी रबरी नळी गाठली आणि चिमटीत दाबली. थरथर थांबली. सोडली, तर पुन्हा सुरू. नको ती हवा तिथूनच आत शिरत होती.

"सापडलीस, सटवे!"

नळी उपसून त्यानं उन्हात डोळ्यांजवळ धरली, आणि त्याचे कान तापले. जुनं रबर तडकतं ते वेडंवाकडं. ही चीर सरळ होती. पात्यानं दिलेली, तीही खालच्या अंगाला, वरून दिसू नये अशी.

तसाच काळ्या हातांनी तो घरात शिरला. बायको खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

"हे बघ तुझ्या लेकाचे उद्योग! गाडी विका, गाडी विका म्हणून माझ्या मागे लागलाय. येऊ दे आज घरी, तंगडंच मोडतो!"

"त्याला बॉनेट तरी उघडता येतं का?" तिनं दातांनी दोरा तोडला. "मी कापली."



"तू? तुला काय कळतं त्यातलं?"

"लग्न झाल्यापासून बॅटरी धरून तुमच्या शेजारी उभी राहतेय. एव्हाना दगडालाही कळलं असतं."

"अगं, भर चौकात बंद पडली असती म्हणजे?"

"बंद पडलेली गाडी कुणाला चिरडत नाही!" अभ्रा भिरकावून ती उठली. तिचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. "परवा ती बाई लेकराला कडेवर घेऊन डावीकडून येत होती. मी किंचाळले म्हणून तुमचा पाय ब्रेकवर गेला. आणि वर मलाच म्हणालात, ओरडू नकोस, दिसतंय मला. काय दिसलं होतं हो? सांगा ना!"

"दिसलं होतं म्हणतो ना! आणि पुन्हा माझ्या गाडीला हात लावलास तर याद राख."

तो तरातरा बाहेर गेला. डब्यातून नळीचा धड तुकडा शोधला, बसवला, किल्ली फिरवली. इंजिन एका लयीत चालू लागलं. कुठे थरथर नाही, कुठे अडखळणं नाही. त्यानं जोरात हॉर्न वाजवला.

"बघ! ये, बस आता!"

ती अनवाणीच बाहेर आली. दाराशी आली नाही. गाडीला वळसा घालून पुढे गेली.

"मी कुठे उभी आहे?"

"काय पोरखेळ लावलायस?"

"मान वळवायची नाही. समोर बघून सांगा."

त्यानं समोर बघितलं. फाटक होतं. भिंत होती, भिंतीला टेकवलेली शिडी होती. आवाज तर डावीकडून, बॉनेटच्या अगदी जवळून आला होता. इंजिन इतकं मऊ चाललं होतं की तिचा चढलेला श्वासही त्याला ऐकू येत होता.

"सांगा!"

गाडी न्यूट्रलवर होती, हँडब्रेक ओढलेला होता. तरीही फोरमनचा पाय ब्रेकवर गेला, आणि त्यानं तो सगळा जोर लावून दाबून धरला.