नासलेलं दूध

सूनबाईंनी आठवड्याभराच्या दुधाच्या पिशव्या एकदम आणून फ्रीझरमध्ये रचल्या.

"बाबा, आता थंडीत रोज दुधाला जायला नको. रात्री एक पिशवी बाहेर काढायची, सकाळी दूध तयार. तुमच्या गुडघ्यांना तेवढाच आराम."

आजोबा "बरं" म्हणाले. दूध केंद्राबाहेरच्या बाकावर दोन जुने मित्र रोज वाट बघत बसतात, म्हणूनच अर्धा लिटर दूध आणायला तास लागतो, हे सुनेला कुठल्या तोंडाने सांगणार?

काही दिवस त्यांनी घरातच येरझाऱ्या घातल्या. मग एका सकाळी वितळलेलं दूध पातेल्यात ओतलं, तर पाणी वेगळं आणि बारीक कण वेगळे. पळीने ढवळलं की ते एकजीव होतं, हे एव्हाना त्यांना ठाऊक झालं होतं. पण पळीला त्यांनी हात लावला नाही.

"सूनबाई, नासलं गं हे!" नेमका आवाज चिरकला.

सूनबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, पायात बूटसुद्धा.

"अगंबाई, पारच नासलंय की! या गोठवण्याच्या भानगडीत पडायलाच नको होतं. आता रोज ताजंच आणत जा, बाबा. आणि सावकाश या, माझी काही गडबड नाही."



आजोबा बाकावर टेकले असतील-नसतील, तोवर इकडे सूनबाईंनी तेच दूध पळीने ढवळून स्वतःसाठी दुसरा कप चहा टाकला होता.