होडीवाल्याचा बंदोबस्त

सूड हे क्षुद्र माणसांचं काम, असं निवृत्तीच्या भाषणात सांगणारे पेंढरकर सर बालीच्या किनाऱ्यावर उभे राहून सुडाचीच तयारी करत होते. डॉल्फिन दाखवायचे पाच हजार रुपये आगाऊ घेऊन होडीवाला फिरकलाच नव्हता.

सरांनी इंटरनेटवर त्याला एक तारा दिला आणि ती लिंक घराण्याच्या ग्रुपवर धाडली. "बेचाळीस जण आहात. याला तारे देऊन निषेध नोंदवा. दयामाया नको!"

"एकाने काय होतंय रे? मी पाचही ठोकले मेल्याला!" नाशिकहून माईआत्याने कळवलं.

"अगं आत्या..." एवढं सर टाइप करेपर्यंत एकोणचाळीस जणांनी आत्याचा कित्ता गिरवला होता.

संध्याकाळी तिथल्या होडीवाल्यांच्या यादीत तो पहिला आला. त्याने आगाऊ रक्कम वाढवली.