हयातीचा दाखला

अमेरिकेत, आमच्या जॉर्जिया राज्यात, ओडेसामावशी चर्चची जांभळी टोपी घालून अडीच तास मतदानाच्या रांगेत उभ्या होत्या. मी शेजारीण, त्यांच्या मागेच होते. टेबलापाशी पोचलो, तर कारकून क्लेटननं यादी पाहून मान हलवली.

"मावशी, यादीत तुम्ही मार्चमध्येच वारलात."

"अस्सं? मग सकाळी तुझ्या आईला उकडलेल्या शेंगा देऊन आलं, ते काय माझं भूत?"

"मी ओळखतो हो तुम्हाला. पण नवा कायदा कडक आहे. मेलेल्या माणसाला मत देता येत नाही. तीन दिवसांत कचेरीत हयातीचा दाखला द्या, मग बघू."

"चौसष्ट साली तुझ्याच जागी बसलेल्या गोऱ्यानं मला काळी म्हणून मत न देता हाकललं होतं. पण त्यानं निदान जिवंत तरी धरलं होतं!"

बाहेर पडून आम्ही रस्ता ओलांडला, तिथं उमेदवाराचा हसरा फलक होता. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'खर्च : स्टिलवेल स्मृती निधी'. स्टिलवेल म्हणजे कोंबड्यांच्या कारखान्याचा मालक. मावशींनी तिथं तीस वर्षं कोंबड्या कापल्या. त्याला पुरून नऊ वर्षं झाली, तरी त्याच्या पैशावर उभा राहिलेला माणूस आमच्या जॉर्जियात एकदाही पडलेला नाही.

मावशींनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली.



"मेला!" त्या म्हणाल्या. "मरावं तर ह्याच्यासारखं."