तहसीलदारांचा उलटा न्याय

गोरोबा साहेबांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला आणि तरी सुटला, हे बब्रुवानला काही केल्या उमजेना.

त्या उन्हाळ्यात गावच्या एकाच आडाला पाणी उरलं होतं. घरटी दोन घागरी, असा पंचायतीचा नियम. गोरोबानं बैलासाठी तिसरी ओढली. लोकांनी धरलं तर म्हणतो, "म्या न्हाय!" खांद्यावरची घागर तेव्हाही ठिबकत होती. तुळजापूरहून आलेले तहसीलदार पेझारकरसाहेब हसले, "पुन्हा करू नकोस" म्हणाले आणि त्याला बैलाकडं पाठवून मोकळे झाले.

मग बब्रुवाननं आपली तक्रार पुढं केली. सरपंच महारुद्र यांच्या परड्यात, कडब्याखाली, चोरीच्या घागरी आहेत. माणसं गेली, कडबा सारला. भरलेल्या घागरी निघाल्या.

महारुद्रांचा चेहरा उतरला. "साहेब, मला यातलं काय बी ठावं न्हाय. पण माझ्या परड्यात निघाल्या, तवा जबाबदारी माझीच."

"तुमचीच," साहेब म्हणाले. "सरपंचपद सोडा."

महारुद्रांनी मान खाली घातली आणि सोडलं.

बब्रुवान गोंधळला. कुणी पाहिलं, कसं कळलं, असं साहेब खोदून विचारतील म्हणून त्यानं उत्तरं घोळवून ठेवली होती. साहेबांनी एक शब्द विचारला नाही. खोटारडा घरी आणि जबाबदारी घेणारा पायउतार! पंचायत निघाल्यापासून बब्रुवान त्या खुर्चीसाठी झुरत होता. आता ती रिकामी झाली, तरी आनंद होईना.

साहेब कुलाब्याकडचे, बेने इस्राएल, म्हणजे तिकडचे ज्यू. जिल्हा मुंबई राज्यात गेला तेव्हा तिकडचे अंमलदार इकडं आले, त्यांतले एक. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नाही, एवढंच गावाला त्यांच्या धर्माबद्दल माहीत.

"साहेब, हा कसला न्याय म्हणायचा?" बब्रुवाननं धीर करून विचारलं.

साहेब पारावर टेकले. "आमच्यात मोशे म्हणून पुढारी होऊन गेला. गुलामीतून सोडवून त्यानं लोकांना रानावनातून चालवत आणलं. वाटेत लोकांनी काय काय थेरं केली! एकदा पाण्यावरून बोंब उठली. देव म्हणाला, खडकाशी बोल, पाणी येईल. मोशे चिडलेला. त्यानं खडकावर काठी हाणली. पाणी आलं, पण ज्या देशासाठी जन्मभर चालला, तिथं देवानं त्याला जाऊ दिलं नाही."

"एका काठीपायी?"

"दुसऱ्या कुणी हाणली असती तर बहुधा खपून गेलं असतं. पुढाऱ्याचं खपत नाही."

बब्रुवाननं मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. पाणी तर आलं होतं ना?

पंचांनी बब्रुवानचंच नाव घेतलं. तेव्हा साहेब त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून तुम्ही साधे गावकरी आहात. गावकऱ्याला मी पुष्कळ माफ करतो. त्या खुर्चीत बसलात की करणार नाही. उद्यापर्यंत विचार करा. नको वाटलं तर महारुद्रांना परत बसवू आणि कुणी कुणाला काही विचारणार नाही."

"इचार कसला, साहेब? गावाची सेवा करायचीय."

घरी त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं. मथुराबाईनं भाकरी वाढली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "नको म्हणा."

सरपंचीण व्हायची हौस हिलाच जास्त. आता हिला काय झालं, ते बब्रुवानला कळेना. भाकरी काही गोड लागली नाही.

गावची रीत अशी, की नव्या कारभाऱ्यानं खंडोबापुढं बेलभंडार उचलायचा. तो तळहातावर असेतोवर कुणीही काही विचारावं, त्यानं खरंच सांगायचं. खोटं बोलला तर देव त्याचं घर ठेवत नाही, असा सगळ्यांचा विश्वास. विचारत मात्र कधी कुणी नसे. नारळ फुटायचा, लोक खोबरं घेऊन घरी जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा गाव देवळात जमला. महारुद्रही आले. पुजाऱ्यानं बब्रुवानच्या हातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. येळकोट झाला. कुणीतरी नारळ उचलला.

"थांबा," पायरीखाली पायताण काढून उभे असलेले साहेब म्हणाले. "सरपंच, महारुद्रांच्या परड्यात घागरी ठेवायला तुम्ही एकटेच गेला होतात, की बरोबर घरचं कुणी होतं?"