घोड्यावरचा टाक

"ही नाय चालायची. ही उभी हाय."

कोंडाजी हवालदारानं पितळी ठसा सोनारापुढं परत सरकवला आणि उठून पुन्हा दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. कर्जतच्या पेठेत उन्हं कलायला लागली होती. उद्या घटस्थापना. त्याच्या बायकोला, बायजाला, जाऊन वर्ष झालं होतं. देव बसायच्या आत तिचा चांदीचा टाक कळंबच्या घरी, देवघरातल्या पूर्वजांच्या रांगेत जायला हवा होता. त्यापायी दोघे भाऊ दुपारपासून इथं बसले होते. म्हणजे धाकटा आबाजी बसला होता. हवालदाराच्या बुडाला आज जागाच मिळत नव्हती.

गोमाशेट सोनार निवांत माणूस. "हवालदार, बाईमाणसाचा टाक असाच असतो. डोक्यावर पदर, हात जोडलेले, उभी. माझ्या आज्यापासून हाच ठसा हाय. त्यावर पत्रा ठेवायचा, वरून ठोकायचं, की बाई उमटली."

"ती जन्मात कधी एका जागी उभी राहिली का? इचारा याला."

आबाजीला काय विचारायचं? वहिनीचे प्रताप साऱ्या तालुक्याला पाठ होते. पलटणीमागं एडनला गेली, तिथं पाण्याच्या रांगेत कुणा साहेबाच्या बटलरच्या डोक्यात घागर घातली. ब्रह्मदेशात चिरूट ओढायला शिकली. पेन्शन घेऊन नवरा गावी आला, तर ही त्याचे जुने बूट घालून शेतात जायला लागली. पाटील हसला तेव्हा त्याला हिंदुस्थानीत असल्या शिव्या दिल्या, की बिचारा आठवडाभर त्यांचा अर्थ विचारत फिरत होता. पासष्टी उलटल्यावर, भिवपुरीला विजेसाठी डोंगरावरून मोठाले नळ उतरवत होते, ते बघायला एकटी डोंगर चढून गेली. कारण काय, तर मुकादम नको म्हणाला होता.

"मग कसा पायजे?" गोमाशेटनं विचारलं.

"घोड्यावर."

"दादा," आबाजी कळवळून म्हणाला, "घोडा बाप्याला असतो. त्यातबी लढाईत पडलेल्याला. बाई घोड्यावर बसवून देवघरात ठेवलीस तर भावकी तोंडात शेण घालंल."

कोंडाजी पायरी उतरला, रस्त्यापर्यंत गेला, परत आला. तोवर गोमाशेटनं पेटीतून दुसरा ठसा काढला होता. "हा जोडीचा बघा. पुढं गडी, मागं बाई. एकाच घोड्यावर दोघं. तुमच्या माघारी वेगळा टाक करायला नको."

कोंडाजीनं ठसा हातात घेतला. पुढं पगडीवाला, मिशीवाला, हातात तलवार. त्याची कंबर धरून मागं एवढीशी बाई. त्याला तो आवडला, अगदी मनापासून आवडला, आणि आवडला म्हणूनच तो त्याला हातात धरवेना.

"झ्याक हाय," आबाजीचा जीव भांड्यात पडला. "क्वेट्याची गोष्ट हाय ही. गावाला ठावकी हाय."

गोष्ट गावाला ठाऊक होतीच. चाळीस वर्षं कोंडाजी ती पारावर बसून सांगत आला होता. क्वेट्याच्या पुढं, सरहद्दीच्या डोंगरात, ऐन बर्फात खेचरवाला पळून गेला. मग कोंडाजीनं बायजाला मागं घेऊन पहिल्या खेचरावर मांड ठोकली आणि बायापोरं न् आजारी शिपाई लादलेली अठरा खेचरं दोन दिवसांत खाली छावणीत आणली. बायजा तिथंच मिश्री लावत बसलेली असायची. चकार शब्द काढायची नाही. फक्त दर वेळी मधेच म्हणायची, "अठरा नाय. एकोणीस." लोक हसायचे. म्हातारीला आकड्याचं वेड, म्हणायचे.

कोंडाजीनं ठसा खाली ठेवला. "खोटी हाय ती गोष्ट."

"कुठली?"

"क्वेट्याची. खेचरं तिनं आणली. लुगड्याचा काष्टा खोचला, पुढल्या खेचरावर बसली न् चालाय लागली. मी तापानं फणफणलो होतो. तिनं मला सगळ्यात मागल्या खेचरावर पोत्यासारखा बांधून घातला होता. ते एकोणिसावं. मी ते मोजायचोच नाय."

आबाजी पुढं सरकला. "अन् वहिनी कधी बोलली नाय?"

"नाय. दर वेळी वाटायचं, आज सांगंल समद्यांना. तिनं नाय सांगितलं, न् मी सांगतच राहिलो. मला लाज वाटते रं, आबा. आता तरी तिला पुढं बसू दे."

आबाजीनं जोडीचा ठसा उचलून सोनाराकडं दिला. भावकीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

गोमाशेटनं जोडीचा ठसा पेटीत टाकला आणि एकट्या स्वाराचा काढला. "याला मिशी हाय, हवालदार."

"घासून काढा."

"तलवार?"

"राहू द्या. ती तिला आवडंल."

सोनारानं ठशावर चांदीचा पत्रा बसवला, वर शिशाची चकती ठेवली आणि हातोडी उचलली. कोंडाजी आत आला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसला. ठोके पडायला लागले. एक मारायचा, ठसा जरा फिरवायचा, पुन्हा एक. कोंडाजी ओठांतल्या ओठांत मोजत होता.

गोमाशेटनं हातोडी खाली ठेवली. "झाला."

"अजून एक मारा."

"पत्रा फाटंल, हवालदार."

"नाय फाटत," कोंडाजी म्हणाला. "मारा. खेचरं एकोणीस होती."