फक्त चांगलं लिहायचं

“दाखला द्या, बाई. मी काही ऐकायला आलेली नाही,” इस्त्रीवाली म्हणाली आणि तिने अर्ज टेबलावर आपटला.

मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत चौथीच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची पुढे केली.

“आधी बसा तर. चहा घेणार?”

“चहा नको. पोरगी घरात बोलत नाही हो. पूर्वी झोप लागेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू असायचा, आता चार-चार दिवस शब्द नाही. सकाळी मी माझ्या हाताने कडक इस्त्री करून पाठवते आणि संध्याकाळी कॉलर ओली. रोज! कपड्यांतच जन्म गेला माझा, मला कळत नाही होय?”

“अहो, लहान मुलं ती. नळावर पाणी पितात की अंगावर ओततात, त्यांचं त्यांना कळत नाही.” बाई हसल्या.

“मुकी म्हणतात तिला.”

“टोपणनाव आहे. मलाही लहानपणी बेडकी म्हणायचे. मेले का मी?”

खालून मुलांचा गलका आला. नळ आणि पाण्याचा हौद खिडकीखालीच होते. पोरं एका सुरात मोजत होती. एकवीस, बावीस, तेवीस...

“काय चाललंय?” इस्त्रीवालीने विचारलं.

बाई उठल्या. खाली वाकून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. “खेळतात. एक शब्द धड ऐकू येत नाही इथे. हं, काय म्हणत होता?”

बाईंना घाई नव्हती, पण घोर होता. त्याच सकाळी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, “वर्ष संपायला आठ दिवस राहिलेत. तुमच्या वर्गातून एकही मूल शाळा सोडून गेलं नाही, तर ‘आनंदी वर्गा’ची ढाल तुमची.” ढालीसाठी बाईंनी कपाटावरची जागासुद्धा पुसून ठेवली होती.

“शनिवारपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “शनिवारी आमची कौतुकाची पेटी उघडते. प्रत्येक मुलाने कुणाबद्दल तरी एक चिठ्ठी टाकायची. लिहिणाऱ्याने आपलं नाव घालायचं नाही. नियम एकच, फक्त चांगलं लिहायचं. चुगली नाही, तक्रार नाही. तुम्ही या, मागच्या बाकावर बसा, स्वतःच्या कानांनी ऐका. तरी वाटलं, तर दाखला मीच लिहून देते.”

“माझ्या पोरीचं नाव कधी निघालंय त्यातून?”

“निघेल,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकीला ऑफिसातून खडू आणायला पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

“या शनिवारी सगळ्यांनी तिच्याबद्दलच लिहायचं. प्रत्येकात काहीतरी चांगलं असतं. शोधा.”

दोन वेण्यांच्या मॉनिटरने हात वर केला. “बाई, खरं लिहायचं?”

“खरंच लिहायचं. खोटं कौतुक मला चालणार नाही.”

मुलं एकमेकांकडे बघून खुदखुदली.

शनिवारी इस्त्रीवाली मागच्या बाकावर येऊन बसली. अर्ज पदराआड होता. पोरगी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून. बाईंनी पेटी उघडली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

“‘ती कधी चुगली करत नाही.’ वा! ‘तिचा डबा आम्ही सगळे खातो, ती काही म्हणत नाही.’ बघा, याला म्हणतात वाटून खाणं. ‘खेळात राज्य रोज तिच्यावरच असतं, तरी ती रडत नाही.’ ‘ती सगळ्यांची दप्तरं उचलते.’ ‘तिच्या वहीची पानं कुणीही फाडून घेतली तरी चालतं.’”

प्रत्येक चिठ्ठीवर टाळ्या. इस्त्रीवालीने डोळ्यांना पदर लावला. आपल्या पोरीबद्दल इतकं बोललेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात राहणारीच्या वाट्याला दुसऱ्याच्या तोंडचं कौतुक येतं कुठून?

“‘ती पाण्याखाली सगळ्यात जास्त वेळ श्वास धरते. आम्ही मोजतो.’ अरे वा! पोहायला घाला हो हिला!”

वर्ग खदखदून हसला. मॉनिटर तर बाकावर आडवीच झाली.

“आणि घरी न्हायचं म्हटलं की पळत सुटते, लबाड!” इस्त्रीवालीही रडता रडता हसली.

तीस चिठ्ठ्या झाल्या. तिसाव्या चिठ्ठीवर टाळ्या थांबेनात. इस्त्रीवाली उठली, पुढे आली आणि तिने बाईंच्या देखत अर्जाचे चार तुकडे केले.

“माझंच चुकलं, बाई. उगाच तुमच्यावर तोंड टाकलं. पोरगी इथेच राहील, चौथीच नाही, सातवीपर्यंत.”

पोरीने मान वर केली. टेबलावरच्या तुकड्यांकडे बघितलं, मग आईकडे. तोंड उघडलं, मिटलं.

“काय गं? बोल की,” आई म्हणाली.

पोरगी पेटीकडे बघत राहिली.

पेटीच्या तळाशी एक चिठ्ठी उरली होती. बारीक, कागदात रुतलेलं अक्षर. वर्गात एकतीस मुलं होती, आणि मुकीबद्दल लिहू न शकणारी एकच. बाईंनी ती चिठ्ठी मनातल्या मनात वाचली. पुन्हा वाचली. मग घडी घालून पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

“ही कोरी आहे,” त्या म्हणाल्या. “चला, टाळ्या!”

चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘आमच्या बाई खूप चांगल्या आहेत. मुलं हौदात माझं डोकं धरतात तेव्हा त्या रोज वरून बघतात, पण त्या कधीच कुणाची चुगली करत नाहीत.’