आतून कडी

बिलालच्या तोंडाला काळा रुमाल बांधताना हवालदारांचे हात जरा घुटमळले. "दम लागला तर सोड हां, पोरा," ते म्हणाले. मग त्याच्या हातात लाकडी बंदूक देऊन त्यांनी त्याला भोरच्या कॉलेजच्या व्हरांड्यात उभं केलं. लांबलचक घंटा वाजली की बारावीतल्या बिलालने थोडा वेळ अतिरेकी व्हायचं होतं.

मुंबईवरच्या हल्ल्याला दोनेक महिने झाले होते. कॉलेजात कोणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं, याचा सराव आता भोरातही होणार होता. चार दिवसांपूर्वी फौजदारसाहेबांनी पोरांना पटांगणात बसवून नियम समजावले. घंटा झाली की आतून कडी घालायची, दिवे घालवायचे, मोबाईल गप्प करायचे आणि खिडकीपासून लांब बसायचं. "आणि कडी काढायची नाही! अतिरेकी रडेल, विव्हळेल, मार लागल्याचं सोंग करेल. बाहेरून आईचा आवाज आला तरी दार उघडायचं नाही," त्यांनी बजावलं.

ते "आणि अतिरेकी कोण होणार?" असं विचारायला आणि अजित "बिलाल, सायेब!" असं ओरडायला एकच गाठ पडली. अजित हा बिलालचा बाकावरचा सोबती. दोघं शिवऱ्याहून एकाच एसटीने यायचे. खुर्च्या उचलायला बिलाल, आभार मानायला बिलाल, असं त्याचं नाव पुढे ढकलायची अजितला खोडच होती. पोरं सवयीने हसली, पण हसू मध्येच विरलं. त्यात शेजारी उभे असलेले वर्गाचे सर बोलून गेले, "हो, शोभेल तो." बोलले आणि लगेच जीभ चावली. बोलण्यापेक्षा ते जीभ चावणंच बिलालला जास्त लागलं.

घरी त्याची आई खुर्शिदा म्हणाली, "तू न्हाई म्हन."

"न्हाई म्हनलं तर त्याचा बी अर्थ काढतील, अम्मी."

भीती त्याला वेगळीच होती. या बाजूला माणसाला नाव पडायला वेळ लागत नाही, आणि पडलेलं नाव पुसायला जन्म पुरत नाही. गॅदरिंगला अस्वल झालेला एक जण आता दोन पोरांचा बाप आहे, तरी बाजारात त्याला अस्वलच म्हणतात. त्याचं काही बिघडलं नाही. पण शिवऱ्याच्या फाट्यावर उतरताना बिलालला कोणी 'ए अतिरेकी' म्हणून हाक मारली असती, तर तो हसणार कसा होता?

घंटा झाली. धडाधड दारं लागली. व्हरांडा असा रिकामा झाला, की बिलालला आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटायला लागला. त्याने पहिल्या दारावर बंदुकीचा दस्ता आपटला. "दार उघडा!" पाठ केलेलं वाक्य तो ओरडला खरा, पण तो आवाज ऐकून कोणालाही दूधवाला आला असंच वाटलं असतं. लांबून फौजदारसाहेब खेकसले, "जोरात! अतिरेकी आहेस तू!"

तो पुढच्या दाराशी गेला. तो त्याचाच वर्ग होता. आतून कुजबुज आली, "आला, आला." हा आवाज पिंकीचा. जर्नल पुरं करायला ती रोज त्याच्यामागे लागायची. मग अजितचा दबका आवाज आला, "गप बसा. कडी मी धरलीय." सराव आहे, हे बिलालला ठाऊक होतं. तरी तो दाराकडे बघतच राहिला. आपल्या वर्गाचं दार आपल्याला असं बंद झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. सगळे शहाण्यासारखं वागत होते, आणि त्याला रडू येत होतं.

त्याने ते दार ठोठावलंच नाही. तो तसाच पुढे निघाला. सैल बांधलेला रुमाल वर सरकून डोळ्यांवर आला. व्हरांड्याच्या टोकाला प्रयोगशाळेकडे उतरणाऱ्या पायऱ्या त्याला दिसल्याच नाहीत. पाय सुटला, बंदूक खडखडत खाली गेली आणि तिच्यामागून तोही गेला. हनुवटी दगडी कडेवर आपटली.

"अम्मी गं!"

तोंडात रक्ताची चव आली. तो तसाच पडून राहिला. आता कोणी येणार नाही, हे त्याला माहीत होतं. नियमच तसा होता.

तेवढ्यात खाड्कन एक कडी निघाली.

मग दुसरी, मग लगोलग सगळ्याच. पोरं पायऱ्यांवरून धडपडत खाली आली. कोणी पाण्याची बाटली पुढे केली, कोणी त्याचा हात चाचपून पाहिला. पिंकीने डोळ्यांवरचा तो काळा रुमाल ओढून फेकून दिला. अजितने आपला रुमाल त्याच्या हनुवटीवर दाबून धरला. "लई लागलं का रं? हालू नगंस."

फौजदारसाहेब लालबुंद होऊन धावत आले. एवढ्या दिवसांची त्यांची मेहनत मातीत मिळाली होती. "पहिली कडी कोणी काढली?"

"म्या काढली, सायेब," अजित म्हणाला.

"सांगून सांगून घसा सुकला माझा! अतिरेकी मार लागल्याचं सोंग करील, हेच सांगितलं होतं ना? आता सगळे मेलात तुम्ही! सगळं कॉलेज मेलं!"

रुमाल लाल होत चालला होता. अजितने तो उलटा केला, पुन्हा घट्ट दाबला आणि वर न बघताच म्हणाला,

"अतिरेकी आसता तर न्हाई उघडली आसती, सायेब. ह्यो बिलाल हाय."